एकच नंदी, दोन फोटो आणि दोन वेगळे बैल

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यासाठी, तुम्ही सागवानाचा दीड फुटाचा नंदी कोरला, तालुक्याच्या दोन फोटोवाल्यांकडून त्याचे फोटो काढून घेतले आणि एकात तो मुसंडी मारायला निघाल्यासारखा दांडगा दिसतो तर दुसऱ्यात अगदी गरीब गाय. गिऱ्हाइकाने पहिला फोटो पाहून ऑर्डर दिली आणि बैल घरी पोचल्यावर म्हणे हा तो बैल नोहे. तर चूक कोणाची, आणि फोटोवाल्याने आपली स्टाईल तुमच्या कामावर लादावी का?

मी २३ वर्षं हेच करून राहिलो. सुरुवात लग्नाच्या फोटोंपासूनच, आपल्याकडे दुसरं काय असते. मग एका प्राध्यापक साहेबांना गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या देवळातल्या मूर्तींचे फोटो पाहिजे होते आणि त्यांना स्वस्तातला माणूस पाहिजे होता, म्हणून माझा नंबर लागला. तेव्हापासून दगड आणि लाकूड सुटलं नाही. त्यामुळे लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

उत्तर आधीच देऊन टाकतो. दोघांनीही खोटं काढलेलं नाही. तुमचा बैल गोल आहे आणि फोटो सपाट, तर गोलाचं सपाट करताना काहीतरी ठेवायचं आणि काहीतरी सोडायचं हे कोणाला तरी ठरवावंच लागते. बिनस्टाईलचा फोटो असा प्रकार नसतोच, आधार कार्डावरच्या फोटोलाही स्टाईल असते, फक्त ती भंगार असते. माझी तक्रार दुसरी आहे. तुमच्या दोन्ही फोटोवाल्यांनी बैल पाहायच्या आधीच तो कसा काढायचा ते ठरवून टाकलं होतं. एकाला सगळं दणकट आवडते म्हणून तो जमिनीला टेकून जवळून मारतो, दुसरा नवरीचे फोटो काढतो म्हणून दोन्ही बाजूंनी गुळगुळीत लाईट लावतो. तुमच्या बैलाला दोघांनीही विचारलं नाही की बाबा तुझं काय म्हणणं आहे.

आता पहिला बैल दांडगा का दिसला ते सांगतो, कारण ह्यात जादू काही नाही, साधा हिशोब आहे. बैल दीड फूट लांब. फोटोवाल्याने मोबाईल बैलाच्या नाकापासून एक फुटावर धरला, तर शेपटी झाली अडीच फुटांवर. कॅमेऱ्याला जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसते, तेव्हा नाक शेपटीच्या मानाने अडीच पट मोठं आलं, वशिंड मागे गेलं, मागचे पाय बकरीसारखे झाले. तोच मोबाईल ८ फुटांवर नेला तर नाक ८ वर आणि शेपटी साडेनऊवर, म्हणजे फरक सव्वा पटीहूनही कमी, आणि तुम्ही पटाशीने जे माप कोरलं तेच माप फोटोत येते. लोक म्हणतात लेन्सने चेहरा फुगवला. लेन्स बिचारी काही करत नाही, तुम्ही कुठे उभे राहिलात ते करते. लेन्सचं काम एवढंच की ८ फुटांवरून बैल फ्रेममध्ये भरून घ्यायचा, म्हणून मोबाईलवर २ किंवा ३ झूम, मोठ्या कॅमेऱ्यावर ८५ ते १३५ मिमीची लेन्स.

म्हणून मी कोणत्याही मूर्तीजवळ गेलो की कॅमेरा बॅगेतच ठेवतो आणि आधी चालतो. चारही बाजूंनी, एकदा बसून, एकदा उभं राहून. ते प्राध्यापक साहेब पहिल्या दिवशी वैतागले होते की काऊन बे फिरून राहिला नुसता, पैसे फिरायचे दिले का. पण कुठल्या जागेवरून मूर्ती बोलते ते असं फिरल्याशिवाय कळत नाही, आणि बहुतेक मूर्तींना अशी एक जागा असते.

ह्या एका जागेवरून मोठ्या लोकांची भांडणं झालेली आहेत. हाइनरिश व्योल्फलिन नावाचा एक कला-इतिहासकार होता, त्याने १८९६-९७ मध्ये लेख लिहून फोटोवाल्यांना चांगलं झापलं. म्हणणं असं की जुन्या शिल्पांना एक मुख्य बाजू असते, कलाकाराने ती ठरवलेली असते, आणि तुम्ही फोटोवाले उगाच तिरके उभे राहून काहीतरी गंमत म्हणून भलत्याच बाजूने काढता. मला त्याचं अर्धं पटते. गाभाऱ्यातली मूर्ती दर्शनासाठी केलेली असते, भक्त समोर उभा राहणार, मूर्तीची नजर त्याच्यावर पडणार, तिथे तिरका अँगल मारणं म्हणजे देवाशी बोलता बोलता भिंतीकडे पाहण्यासारखं आहे. पण देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरची सुरसुंदरी, म्हणजे तिथे कोरलेली सुंदर बाई? ती प्रदक्षिणा घालणाऱ्यासाठी आहे. तो चालत येतो, आधी त्याला तिचा खांदा दिसतो, मग कंबर, मग चेहरा, मग पुढे गेल्यावर पाठीचा बाक. तिची एकच बाजू मुख्य आहे असं म्हणून समोरून एक फोटो काढून निघून आलात तर चालणं संपलं आणि नुसती उभी बाई उरली. अशा मूर्तीचे मी तीन फोटो तरी देतो, येतानाचा, समोरचा आणि जातानाचा.

आणि उंचीचं विसरू नका. १०-१२ फुटांवर बसवायची मूर्ती कोरणारा कारागीर खालून पाहणाऱ्याचा विचार करून कोरतो. आता ड्रोन आले, पोरं ड्रोन वर नेऊन देवळाच्या वरच्या मूर्तीच्या डोळ्याला डोळा लावून फोटो काढतात आणि खाली लिहितात की पाहा, आजपर्यंत कोणी पाहिलं नाही. अरे, कोणी तिथून पाहावं म्हणून ती केलीच नव्हती ना! अभ्यासाला, झीज मोजायला तो फोटो लाख मोलाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिथून डोकं मोठं वाटलं तर कारागिराला प्रमाण कळत नव्हतं म्हणू नका.

तुमच्या नंदीचंही हेच. तो कोणासाठी आहे? लेकरासाठी. चार-पाच वर्षांचं पोरगं दोरी धरून त्याला ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरणार, म्हणजे ते बैलाला पाहणार साधारण तीन फुटांच्या उंचीवरून, थोडं वरून आणि थोडं बाजूने. मग कॅमेरा तिथेच धरा ना. तुमचा पहिला फोटोवाला पोटावर लोळला म्हणून बैल हत्तीएवढा झाला, तो अँगल कोणत्याच लेकराचा नाही.

आता लाईट. माझं आयुष्य ह्यातच गेलं.

दगड असो की लाकूड, आकार दिसतो तो सावलीने. समोरून फ्लॅश मारला की सावली मूर्तीच्या मागे जाऊन लपते आणि मूर्ती पापडासारखी सपाट होते. उजेड बाजूने, भिंतीला घासत जाईल असा आला की नखाएवढी रेघही उठून दिसते. वर्ध्याजवळ पवनारला विनोबांच्या आश्रमात भरत-राम भेटीचा शिल्पपट आहे, शेतात खणताना सापडलेला. असं कमी उठावाचं काम समोरच्या उजेडात काढा, झिजलेला दगड दिसेल, आणि तिरप्या उजेडात माणसं उभी राहतील. तुमच्या दुसऱ्या फोटोवाल्याने दोन बाजूंना दोन सॉफ्टबॉक्स, म्हणजे कापडाआडचे मऊ दिवे, लावले, एकाची सावली दुसऱ्याने पुसली, म्हणून तुमच्या बैलाच्या मानेची पोळी, म्हणजे गळ्याखालची लोंबती कातडी, जी तुम्ही एवढ्या मेहनतीने घडी घडी करून काढली, ती गायब झाली आणि बैल गरीब झाला.

पण तिरपा उजेड पाहिजे म्हटलं की मिळत नाही, त्याला पंचांग आहे. आपण साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर राहतो. समजा देऊळ पूर्वेला तोंड करून आहे. त्याची दक्षिणेची भिंत हिवाळ्यात दिवसभर उजेडात असते, डिसेंबरात भर दुपारीही सूर्य साधारण ४५ अंशावरच चढतो, त्यामुळे जेवणाच्या टाइमालाही काम होते. उत्तरेच्या भिंतीचं मात्र नशीबच वेगळं. थंडीत तिच्यावर ऊन पडतच नाही. सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडून उगवतो तो २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत, आणि जूनमध्ये तो सगळ्यात जास्त, म्हणजे पूर्वेपासून २५ अंश उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे मेच्या शेवटी नि जूनच्या सुरुवातीला सकाळी पहिला तासभर उत्तर भिंतीला अशी घासून तिरीप लागते की मूर्ती भिंतीतून बाहेर पडतील असं वाटते. आणि तो मे म्हणजे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा मे, ९ वाजता दगडाला हात लावला की चटका बसतो. पहाटे ४ ला घरून निघा, ५ ला पोचा, ७ ला खेळ खलास. मी उत्तर भिंतीच्या एका मूर्तीसाठी लागोपाठ दोन उन्हाळे गेलो, पहिल्या वर्षी ऐन वेळी आभाळ आलं होतं. बायको म्हणे एवढ्या चकरा तर सासुरवाडीला नाही मारल्या.

दगड कोणता तेही पाहावं लागते. चामोर्शी तालुक्यातलं वैनगंगेकाठचं मार्कंडा म्हणजे वाळूचा दगड, उजेड थोडा पिऊन घेतो, संध्याकाळी आतून पिवळसर तापल्यासारखा दिसतो. कनिंगहॅम नावाचा इंग्रज पुरातत्त्ववाला १८७३-७५ च्या दौऱ्याच्या अहवालात त्या देवळांबद्दल लिहून गेला. इकडे पश्चिमेला बुलढाण्यात लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ पाहा, तो काळा बेसाल्ट. काळ्या दगडाची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे कॅमेऱ्याला काळं माहीतच नाही, तो जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं समजतो, म्हणून आपोआप मोडवर काळी मूर्ती राखेसारखी येते, तेव्हा उजेड एक ते सव्वा स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). संगमरवराला उलटं, एक स्टॉप वाढवा, नाहीतर पांढरा महादेव मळका दिसते. दुसरं दुखणं तेलाचं. जिथे पूजा चालू आहे तिथे दगडावर तेल-तुपाचा थर असतो आणि तो आरशासारखा चमकतो, प्रत्येक गोलाईवर पांढरा ठिपका. पोलरायझर फिल्टर फिरवून ती चमक कमी करता येते. पण सगळी मारू नका. तेलाची चमक त्या मूर्तीच्या आयुष्याचा भाग आहे, रोज कोणीतरी अभ्यंग घालते म्हणून ती तशी आहे. मी अर्धी ठेवतो. दुसरा फोटोवाला सगळी काढेल, तिसरा सगळी ठेवेल, आणि तिघांचे फोटो शेजारी ठेवले तर तीन वेगळ्या देवळातल्या मूर्ती वाटतील. तुमचा प्रश्न हाच आहे ना?

ह्या प्रश्नावरचे दोन-तीन किस्से मला फार आवडतात. रोदां नावाचा फ्रेंच शिल्पकार, त्याने बाल्झाक ह्या लेखकाचा पुतळा केला. ज्या लेखकांच्या संस्थेने ऑर्डर दिली होती तिनेच १८९८ मध्ये तो नाकारला, लोकांनी टिंगल केली, रोदांने प्लास्टरचा पुतळा उचलून आपल्या घरी, पॅरिसजवळ म्यूदोंला, नेऊन ठेवला. दहा वर्षांनी, १९०८ मध्ये, स्टायकेन नावाचा तरुण फोटोवाला आला आणि त्याने रात्रभर जागून चांदण्यात त्या पुतळ्याचे फोटो काढले. दिवसा जो नुसता पांढरा ढेकूळ म्हणून हसण्यावारी नेला होता तो चांदण्यात डोंगरासारखा उभा राहिला. रोदां खूश झाला. काशाचं ओतकाम होऊन तो पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहायला १९३९ उजाडलं, तोपर्यंत पुष्कळ लोकांच्या डोक्यात जो बाल्झाक होता तो स्टायकेनचा होता.

उलटा किस्सा ब्रांकुशीचा, तो पॅरिसमध्ये राहणारा रुमानियाचा शिल्पकार. त्याच्या संगमरवरी कामाचा एक फोटो स्टिग्लित्झ ह्या बड्या फोटोग्राफरने काढून पाठवला. ब्रांकुशीने तो मान रे ह्या दुसऱ्या फोटोग्राफरला दाखवला आणि म्हणाला की फोटो फार सुंदर आहे पण ह्यात माझं काम नाही. मग मान रेच्या मदतीने त्याने स्वतः कॅमेरा घेतला, डार्करूम बांधली आणि आपल्या शिल्पांचे फोटो आपणच काढायला लागला. मान रेने लिहून ठेवलंय की ते फोटो फोकसमध्ये नव्हते, उजेड कमीजास्त, वर ओरखडे. पण ब्रांकुशीला ते तसेच पाहिजे होते. त्याच्या काशाच्या पक्ष्यावर ऊन पडून किरण फुटतात तो फोटो कोणताही शिकलेला फोटोवाला चूक म्हणून फेकून देईल, आणि त्या माणसाला नेमकी तीच चमक पाहिजे होती. भाऊ, तुम्ही हा रस्ता धरला तरी माझं काही म्हणणं नाही, धंदा गेला तर गेला.

आणि तिसरा अमेरिकन फोटोवाला वॉकर एव्हान्स. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये आफ्रिकेतल्या शिल्पांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याचे पावणेपाचशेवर फोटो ह्याने काढले. तो शटर लांब वेळ उघडं ठेवायचा आणि तेवढ्यात दिवा मूर्तीभोवती फिरवायचा, म्हणजे कुठेच कडक सावली पडायची नाही. स्वतःची स्टाईल पूर्ण पुसून टाकायचा प्रयत्न. फोटो खरंच स्वच्छ आहेत. पण माझ्या मनात येते की त्यातले मुखवटे नाचताना घालायचे, हलत्या उजेडात, ढोलाच्या तालावर. त्यांना असा शांत, बिनसावलीचा उजेड देणं हीसुद्धा एक स्टाईलच झाली, म्युझियमची. ही युक्ती मात्र मी उचललेली आहे. अंधाऱ्या मंडपात परवानगी असली तर ८-१० सेकंदांचं एक्सपोजर लावून टॉर्च एका बाजूने हळूहळू हलवतो, पूर्ण गोल नाही, सावली मऊ होते पण मरत नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा दुसऱ्यांनाच शहाणपण शिकवून राहिला.

१२-१३ वर्षं झाली. नदीकाठच्या एका गावात लिंबाखाली एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. नेहमीसारखा, खालच्या पट्ट्यात लढाई, मधल्यात अप्सरा वीराला वर नेतात, वरच्यात तो महादेवाच्या पिंडीची पूजा करतो. गावाला तो बाप्पा. चेहरा पार झिजलेला, नाकाचा उंचवटा आणि डोळ्याच्या जागी दोन खळगे, बाकी काही नाही. मी संध्याकाळी पोचलो, उजेड जात होता, आणि तेव्हा मला नाट्यमय फोटोंचा नवा नवा नाद लागला होता. टॉर्च अगदी खाली, उजव्या बाजूला जमिनीवर ठेवला आणि मारला. फोटो काय आला विचारू नका. नाकाची सावली वर डोळ्यापर्यंत ताणली गेली, भुवया चढल्या, ओठाच्या वर एक काळी पट्टी आली. झिजलेल्या दगडाचा खवळलेला योद्धा झाला. मी स्वतःवरच खूश. गावच्या पोरांनी मागितला, दिला. त्यांनी जत्रेचा फ्लेक्स केला, आठ बाय दहाचा.

दुसऱ्या वर्षी गेलो तर वीरगळावर ऑइलपेंट. कोणीतरी हौशी पेंटरने माझ्या फोटोत जिथे जिथे सावली होती तिथे तिथे काळा रंग भरला होता. भुवया, मिशी, सगळं फोटोबरहुकूम. डोळ्यांत पांढरा रंग आणि लाल बुबुळं. मी उभाच राहिलो. एक म्हातारी रोज तिथे हळद-कुंकू वाहायची, ती मला ओळखत होती. म्हणाली, "बापू, आमचा बाप्पा त हासत होता. तुमच्या फोटोनं त्याले राग आला."

हासत होता म्हणजे? मी दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम गेलो, ती पूजेला येते त्या वेळी. लिंबाच्या पानातून उजेड वरून, मऊ, डाव्या बाजूने येत होता, आणि ऑइलपेंटच्या खालीही कळत होतं की ह्या उजेडात गालाचा उंचवटा वर ओढलेला दिसतो. हासत होता, खरंच. ती बाई आयुष्यभर त्याच वेळेला येत होती, तिच्यासाठी बाप्पाचा चेहरा तोच. मी एक संध्याकाळ एक टॉर्च घेऊन आलो आणि आठ बाय दहाच्या फ्लेक्सवर तिचा बाप्पा बदलून गेलो. दगडावरचा ऑइलपेंट काढायला जाणकार लागतो, घासायला गेलं तर उरलासुरला चेहराही जातो, म्हणून तो आहे तसाच आहे. आता त्या गावच्या नव्या पोरांना रागीट बाप्पाच माहीत आहे.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो. आधी साधे फोटो काढतो, डोळ्याच्या उंचीवरून, पुरेसं मागे जाऊन, मऊ तिरप्या उजेडात, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि जमलं तर मागून, सोबत एक मोजपट्टी ठेवून. हे झाल्याशिवाय माझे लाडाचे फोटो काढत नाही. आणि कोणालाही देताना दोन्ही मिळून देतो, नुसता लाडाचा देत नाही. शिवाय तिथे रोज येणाऱ्या माणसाला विचारतो की तुम्ही किती वाजता येता, आणि एक फोटो त्या वेळेचा काढतो.

एडिटिंगवर जास्त लिहीत नाही, कारण त्यात बहुतेक वेळा करण्यापेक्षा न करण्याचंच महत्त्व आहे. मोबाईलचा एचडीआर सावल्या उजळतो, म्हणजे तुम्ही जीव तोडून आणलेली तिरीप तो आपणहून पुसतो, बंद करा. ब्युटी मोड चुकून चालू राहिला तर तो लाकडालाही गुळगुळीत करायला पाहतो आणि पटाशीच्या खुणा खाऊन टाकतो, त्या खुणा म्हणजे तर तुमची सही आहे. काळं बॅकग्राऊंड सगळ्यांना आवडते, मूर्ती दागिन्यासारखी दिसते, पण मग ती मूर्ती एका हातात मावणारी की दोन माणसांनी उचलायची ते कळत नाही, आणि तुमच्या गिऱ्हाइकाची अर्धी भानगड तीच झालेली दिसते. ब्लॅक अँड व्हाईट दगडाला शोभते. सागवानाला नको, सागाचा रंग विकायचा असतो.

परवानगीचं पटकन सांगतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या बहुतेक जागी २०१८ पासून साधी फोटोग्राफी चालते, पण ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, आणि फ्लॅश तर कुठेच मारू नका. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढायला १९५७ चा कॉपीराइट कायदा आडवा येत नाही. तुमचा नंदी मात्र तुमच्या घरचा आहे, त्याच्या फोटोखाली कोरणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे. फोटोवाला आपला वॉटरमार्क एवढा मोठा टाकते की वशिंड झाकते, आणि कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही. हे आमच्या धंद्याचं पाप आहे, मी पण पूर्वी केलंय.

तर आता तुमचा बैल. घरात दाराजवळ टेबल ठेवा, दार उत्तरेला असलं तर उत्तम, नसलं तर जिकडून थेट ऊन येत नाही असं. बैल दाराला आडवा नको, थोडा तिरका, म्हणजे उजेड आधी तोंडावर, मग मानेच्या पोळीवर, वशिंडावर आणि मग घसरत शेपटीकडे. दाराच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलची शीट उभी करा, पण दोन-अडीच फूट दूर, जवळ आणली तर सावली जाईल आणि बैल पुन्हा गाय होईल. मागे धुतलेलं करडं किंवा बदामी कापड, चुण्या नकोत. तुम्ही ८ फुटांवर, स्टुलावर बसून, मोबाईल बैलापेक्षा थोडा वर, लेकरू पाहते त्या अँगलला, झूम २ किंवा ३, बोट बैलाच्या डोळ्यावर ठेवून फोकस. मोठा कॅमेरा असला तर एफ ८ किंवा ११, आयएसओ १००, आणि हात लावू नका, टायमर लावा. रंगासाठी एक फोटो पांढरा कागद शेजारी ठेवून काढा, नंतर त्यावरून बाकीचे जुळवता येतात, नाहीतर सागवान कधी केशरी येते कधी मातकट. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, आणि एक वरून चाकांचा. मग एक फोटो लेकराने दोरी धरलेला, म्हणजे मापाचा प्रश्न मिटला.

हे सगळे झाले की मग त्या पहिल्या फोटोवाल्याला बोलवा आणि लोळू द्या त्याला पोटावर. तो फोटोही कामाचा आहे, पोळ्याच्या बॅनरवर छान दिसेल. फक्त गिऱ्हाइकाला पाठवताना तो एकटा पाठवू नका.

आणि वार्निश फोटो झाल्यावर मारा. मी एकदा वार्निश केलेला नंदी काढला होता, घरी येऊन मोठा करून पाहिला तर त्याच्या पाठीवर माझा लाल शर्ट, मागचा पंखा आणि दारातून डोकावणारी शेजारची काकू, सगळे ओळखू येत होते.